पावणेदोनचं पाणी

शाळेच्या सात बसगाड्या. त्यातल्या सहा डोंगराच्या माथ्यामाथ्यानं जायच्या. सातवी तेवढी खाली उतरून क्लॅबर ओढा ओलांडायची, आणि ती चालवायची ट्रेव्हा प्रुएट. ओढ्यावर पूल म्हणाल तर नुसती फरशी. कठडा नाही, कमान नाही, पाण्यापासून हातभर उंच. जोराचा पाऊस झाला की बुडायची, पाणी ओसरलं की जणू काही झालंच नाही अशी पुन्हा वर यायची. पलीकडे विखुरलेली दहाबारा घरं, त्यांतली चौदा मुलं, आणि सर्वांत शेवटी ट्रेव्हाचं स्वतःचं घर. तिथं तिची पाच महिन्यांची ओपल आजीजवळ असायची.

ओपल बाटली तोंडात धरत नसे. तऱ्हेतऱ्हेच्या बाटल्या आणून झाल्या होत्या. ती प्रत्येकीकडे अशी बघायची, की कुणीतरी आपली चेष्टा करतंय. पण अडत नव्हतं, कारण सकाळची फेरी संपली की ट्रेव्हा बस घरीच घेऊन यायची, अंगणात उभी करायची, आणि दुपारच्या फेरीपर्यंत मायलेकी एकमेकींच्या. नवरा नदीवर मालाच्या होड्या ओढणाऱ्या टगबोटीवर, महिन्यातले अर्धे दिवस पाण्यात. त्यामुळे ह्या दुपारच्या तासांना ट्रेव्हा जिवापाड जपायची.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातल्या त्या गुरुवारी मात्र ती घरी गेली नाही. सकाळी आठ वाजता विभागीय हवामान कार्यालयाचा नेहमीचा फोन झाला होता. वसंतात वादळाचा दिवस असला की ते लोक आसपासच्या जिल्ह्यांतल्या शाळांना, रुग्णालयांना, रस्तेवाल्यांना एकाच वेळी फोनवर घेऊन काय होणार ते सांगतात. सांगणारी होती कोरिन मॅडॉक्स. दुपारी चार ते सहा, तिनं सांगितलं, गारा, सोसाट्याचा वारा, आणि ओढेनाले एकाएकी भरण्याची शक्यता.

ओझार्कच्या त्या डोंगराळ भागात अशा दिवसाचा एक ठरलेला रिवाज होता. पोरांना तीनऐवजी एकला सोडायचं, म्हणजे वादळ यायच्या आत सगळी घरी. बसचालकांनी त्या दिवशी शाळेतच थांबायचं. कुणी गाई सांभाळणारं, कुणी खाणीत जाणारं, एकदा पांगले की पुन्हा गोळा व्हायचे नाहीत. ह्या रिवाजानं आजवर कुणाला दगा दिला नव्हता.

म्हणून ट्रेव्हा साडेसहाला ओपलला पाजून निघाली होती ती निघालीच. आता साडेबारा वाजले होते आणि तिचा सदरा पुढून तंग झाला होता. अर्ध्या तासात निघायचं, पन्नास मिनिटांत फरशी, त्यानंतर वीस मिनिटांत घर. असा हिशेब ती मनात चौथ्यांदा करत होती, तेवढ्यात अधीक्षक सॅटरफील्ड दारातून डोकावले.

"ट्रेव्हा, जरा आत ये. हवामानवाल्यांनी पुन्हा फोन लावलाय."

"आता कशाला? सकाळीच तर सगळं सांगून झालं."

"म्हणून तर म्हणतो, ये."

त्यांच्या खोलीत तीन नंबरची बस चालवणारा लॉइड बर्चफील्ड आधीच खुर्ची मागे टेकवून बसला होता. फोन टेबलाच्या मधोमध, आवाज मोठा केलेला.

"सकाळी मी जे सांगितलं," कोरिन म्हणत होती, "त्यातला एक भाग मी मागे घेते आहे. चारची वादळं चारलाच येतील. पण क्लॅबरच्या उगमावर त्याआधीच सुरुवात झाली आहे. पहाटे उत्तरेला पाऊस झाला, त्याचा गार वारा त्या डोंगरापाशी येऊन अडून बसलाय. दक्षिणेचा दमट वारा त्याच्यावर चढतोय. बारा वाजून दहा मिनिटांपासून एकाच जागी ढग तयार होताहेत आणि एकामागे एक त्याच वाटेनं सरकताहेत. एकाच रुळावरून डबे जावेत तसे. तुमच्याकडे चारपर्यंत थेंबही पडणार नाही कदाचित. पण पाणी येईल. फरशीवर पावणेदोन ते सव्वादोनच्या मध्ये."

सॅटरफील्डनी खिडकीतून बाहेर पाहिलं. स्वच्छ ऊन. डॉगवूडची झाडं पांढऱ्या फुलांनी लगडलेली, नजर ठरू नये अशी.

लॉइडनं हसू दाबलं नाही. "बाईसाहेब, पोरगा होतो तेव्हापासून ऐकतोय, क्लॅबर तीन तास घेतो. वर पाऊस पडला की फरशीवर पाणी यायला तीन तास. बाराला पडला म्हणता, म्हणजे पाणी तीनला. ट्रेव्हा दोनच्या आत पार होते. तासभर हाताशी उरतो, वाटेत मासे धरावेत इतका."

"तीन तास खरे आहेत," कोरिन शांतपणे म्हणाली, "पण ते कोरड्या जमिनीचे आहेत. फरशीजवळचे ऑर्व्हल टीग रोज सकाळी सातला मला पाऊस मोजायच्या नळीतला आकडा कळवतात. सोमवारी दोन इंच, काल दीड. तुमची जमीन आज भिजलेल्या घोंगडीसारखी आहे, एक थेंब पोटात घेणार नाही. माझ्या हिशेबानं दीड तास. फार तर दोन."

"आणि मागच्या वर्षीचा हिशेब?" लॉइड म्हणाला. "तीनशे पौंड मासे आणले होते आम्ही वसंतोत्सवाच्या पंगतीला. तुम्ही म्हणालात मैदान पाण्याखाली जाईल. उत्सव रद्द केला. दिवसभर असं ऊन पडलं, की माझं टक्कल भाजलं."

तेव्हापासून त्या गावात कोरड्या ठणठणीत दिवसाला 'कोरिनचा पूर' म्हणायचे. शाळेतली पोरंसुद्धा म्हणायची. हे तिच्या कानावर गेलं असेल का, असा विचार ट्रेव्हाच्या मनात आला, आणि तिलाच कसंसं झालं.

"त्या दिवशी वरच्या उबदार हवेचं झाकण बसलं होतं," कोरिन म्हणाली. "ते उघडेल असं मी म्हटलं, ते उघडलं नाही. चूक माझी होती. आज झाकण नाही. हे मी अंदाजानं सांगत नाही, ढग माझ्यासमोर पडद्यावर आहेत."

सॅटरफील्डनी चष्मा काढून पुसला. "माथ्यावरच्या सहा गाड्या?"

"एकला सोडा. चारच्या आत सगळी घरी पोचतील. मी फक्त सातबद्दल बोलते आहे."

सगळ्यांच्या माना ट्रेव्हाकडे वळल्या. शाळेच्या मंडळाचा जुना नियम होता, ओढ्यावरून जाणाऱ्या गाडीचा निर्णय चालकाचा. पाण्यात जा म्हणून तिला कुणी सांगायचं नाही, आणि जाऊ नको म्हणूनही नाही. पाणी तिला दिसतं, ब्रेक तिच्या पायाखाली असतो, हे त्यामागचं शहाणपण.

"बघ बाई," सॅटरफील्ड म्हणाले. "मी असतो तर… नाही, मी काहीच बोलत नाही."

"दुसऱ्या रस्त्यानं गेले तर?"

"तो वर दोन ठिकाणी हाच ओढा ओलांडतो," कोरिन फोनवरून म्हणाली. "तिथं पाणी आणखी लवकर येईल."

मुलं जेवायला बसलेली, एकच्या आत बसमध्ये चढणार नव्हती. म्हणजे एकला निघाली तरच ओपल. नाहीतर उद्या सकाळ. ट्रेव्हानं फोन उचलून कानाला लावला, म्हणजे बाकीच्यांना ऐकू जाणार नाही.

"मॅम, तुमची खात्री किती?"

"दहात सात."

"आणि उरलेले तीन?"

"त्या तीनात तुम्ही रिकाम्या फरशीकडे बघत मला शिव्या द्याल. मी ऐकून घेईन."

ट्रेव्हानं भिंतीकडे तोंड केलं. "माझी पाच महिन्यांची मुलगी पलीकडे आहे. बाटली घेत नाही. सकाळी साडेसहापासून…" तिनं सदरा छातीशी मुठीत धरला. "एवढंच सांगा, तुमची मुलगी असती तर तुम्ही काय केलं असतं?"

पलीकडे कागद बाजूला सारल्याचा आवाज आला.

"ह्याचं उत्तर मी देणार नाही," कोरिन म्हणाली, आणि तिचा आवाज मऊ झाला होता. "ते विचारलं की माणसाला रडू येतं, आणि डोळ्यांत पाणी असताना बाहेरचं पाणी नीट दिसत नाही. मला पाणी काय करेल ते विचारा. तेवढं मला येतं. एकला निघालात तर एक पन्नासला तुम्ही त्या फरशीवर असाल. त्या वेळेला तिथं चौदा मुलं असू नयेत."

एखादं माणूस आपल्याला गोड बोलून समजावत नाही, धाकही घालत नाही, फक्त आपल्याला येतं तेवढं पुढे ठेवतं. असं माणूस ट्रेव्हाला फार दिवसांत भेटलं नव्हतं. डॉक्टरांपासून सासूपर्यंत सगळेच तिला काय वाटायला हवं ते सांगत असत.

"सात थांबते," ती म्हणाली.

एक वाजता सहा गाड्या गेल्या. चौदा मुलं ग्रंथालयात बसली आणि खिडकीतून वळणाआड जाणाऱ्या गाड्या बघू लागली. ट्रेव्हानं घरी फोन केला. सासूबाई वांडा, जिला ओपल झाल्यापासून सगळे ग्रॅनी म्हणत, तिनं पहिल्याच घंटीला उचलला. मागून ओपलचा आवाज येत होता. अजून रडणं नव्हतं, रडण्याची तयारी होती.

"ऊन पडलंय इथं," ग्रॅनी म्हणाली. "कपडे वाळत घातलेत मी."

"माहितीये, ग्रॅनी."

"त्या हवामानवाल्या पोरीचं ऐकून बसलीस ना?"

"हो."

"बरं." ग्रॅनीचं हे 'बरं' ऐकून भलेभले गप्प व्हायचे. पण लगेच तिनंच विचारलं, "चमच्यानं देऊन बघू का? ते तुझं साठवलेलं आहे फ्रीजमध्ये."

"बघा ना. कोमट करून."

"मी चार वाढवलीत बाई, मला कोमट शिकवू नको."

सव्वा वाजता रॉइस टॅकेट आला. ओढ्यापलीकडचाच, दोन मुलींचा बाप. लाकडाच्या वखारीतून तसाच उठून आलेला, केसांत भुसा.

"लेसी, डार्ला, चला. दप्तरं घ्या."

मुली उठल्याही. ट्रेव्हा मध्ये आली. "रॉइस, जरा थांब."

"का थांबू? ऊन बघ बाहेर. कोरिनचा पूर आलाय म्हणे!" पोरं खुदकन हसली. "त्या फरशीवरून तू जन्मायच्या आधीपासून ये-जा करतोय मी."

"मुली तुझ्या आहेत, मी अडवू शकत नाही. मग निघायच्या आधी मिस्टर टीगना फोन कर. एवढंच."

ह्याला कुणी नाही म्हणायचं नाही. ऑर्व्हल टीगचं घर फरशीच्या पलीकडच्या काठावर, उंचवट्यावर. त्यानं पाण्यात एक खांब रोवला होता, त्यावर फूटफूट अंतरावर लाल पट्टे. पहिला पट्टा बुडला की फरशीवर पाणी. एक्केचाळीस वर्षं हा माणूस रोज सकाळी सातला पावसाच्या नळीत डोळा घालून आकडा कळवत आला होता. बायको गेली त्या दिवशीसुद्धा कळवला होता. त्याबद्दल कुणी विचारलं तर म्हणायचा, "पाऊस काय थांबणार होता तिच्यासाठी?" आणि नळी पुसून पुन्हा जागेवर लावायचा.

रॉइसनं नाखुशीनंच फोन लावला, पण लावला तो सगळ्यांना ऐकू येईल असा, ट्रेव्हाची जिरवायला.

"मिस्टर टीग, रॉइस बोलतोय. पाणी कसंय?"

"खाली आहे," ऑर्व्हलचा घोगरा आवाज आला. "पहिल्या पट्ट्याच्या वीतभर खाली. ऊन आहे. डोक्यावर एक ढग नाही."

रॉइसनं ट्रेव्हाकडे पाहून भुवया उडवल्या.

"पण तू येऊ नको," ऑर्व्हल पुढे म्हणाला.

"आता काय?"

"तळाचे दगड दिसत होते तासाभरापूर्वी. आता दिसत नाहीत. पाणी वाढलं नाही, पण रंग बदललाय, दूध घातलेल्या कॉफीसारखा. आणि ओकची हिरवी पानं वाहत येताहेत. हिरवी, ताजी. माझ्या डोक्यावर वारासुद्धा नाही, रॉइस, मग ही पानं कुणी पाडली?"

रॉइस तिथंच मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसला, गुडघे छातीशी. ऑर्व्हलनं फोन बंद केला नाही, अंगणात खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मधूनमधून तो काहीबाही सांगत राहिला. बगळा उडून गेला. वाळूच्या पट्टीवर पाण्याची जीभ चढली. एक चाळीस, पट्टा अजून कोरडा. ग्रंथालयातली मुलं हळूहळू फोनभोवती गोळा झाली. धाकटी डार्ला बापाच्या मांडीवर जाऊन बसली.

"मिस ट्रेव्हा, पाऊस कुठाय?" लेसीनं विचारलं.

"वर डोंगरात पडतोय, राणी."

"मग आपल्याला कसं कळलं?"

"एका बाईनं सांगितलं."

"तिला कसं कळलं?"

ह्याचं उत्तर ट्रेव्हा देणार, तोच फोनमध्ये ऑर्व्हल म्हणाला, "हां. आवाज येतोय."

आवाज फोनमधूनही आला. आधी दुरून मालगाडी यावी तसा. मग मालगाडीसारखाही नाही, कशासारखाच नाही.

"पहिला पट्टा गेला," ऑर्व्हल म्हणाला. "एक एकोणपन्नास. फरशी गेली. दुसरा… दुसरा गेला. देवा रे. अख्खं झाड आलंय मुळासकट, फरशीवर आडवं आपटलं. तिसरा गेला. रॉइस, आहेस ना तिथं?"

"आहे," रॉइस म्हणाला. त्यानं डार्लाला दोन्ही हातांनी इतकं घट्ट धरलं, की ती म्हणाली, "डॅडी, दुखतं."

बाहेर ऊन होतं. खिडकीत डॉगवूडची फुलं जराही हलत नव्हती. ट्रेव्हा पुस्तकांच्या कपाटामागे गेली आणि कपाळ थंडगार लोखंडाला टेकवून उभी राहिली. पिवळी बस तिच्या डोळ्यांसमोर होती, आणि तिच्यात कोण कुठे बसतं तेही. डावीकडे टॅकेटच्या मुली, मागे शेवटच्या बाकावर दंगेखोर. ती चौदा नावं तिनं एकेक करून मनात म्हटली.

पाणी खांबाच्या सहाव्या पट्ट्यापर्यंत चढलं. चार वाजता सांगितल्याप्रमाणे वादळ आलं, मुलं आतल्या बोळात भिंतीला लागून डोकी गुडघ्यांत घालून बसली, शाळेच्या पत्र्यावर गारा नाचल्या, आणि अर्ध्या तासात सगळं पूर्वेला निघून गेलं. सॅटरफील्डनी स्वयंपाकघर उघडून स्वतः डाळींचं सूप गरम केलं आणि मक्याचा पाव करपवला. मुलांनी तोही खाल्ला.

साडेपाचला शाळेचा फोन वाजला. कोरिन होती.

"सगळी मुलं?"

"सगळी. चौदा." ट्रेव्हाला पुष्कळ काही म्हणायचं होतं. वाक्यं तयार होती, तोंडाशी आली होती. "मॅम, तुम्ही…"

"फरशी नेमकी कधी बुडली? ऑर्व्हलचा फोन लागत नाही, तार तुटली असेल."

"एक एकोणपन्नास."

पलीकडे लिहिल्याचा आवाज. "आणि शेवटी कितव्या पट्ट्यापर्यंत?"

"सहाव्या."

"मी चौथ्यापर्यंत धरलं होतं," कोरिन म्हणाली, आणि तिच्या आवाजात खरोखरची खंत होती. "उगमावर पाऊस मी कमी धरला. दोन फूट चुकले. पुढच्या वेळी कुणी चौथ्या पट्ट्याच्या भरवशावर गुरं बांधली तर? हे बघायला हवं." मग जरा थांबून, जणू परवानगी आहे की नाही असं चाचपत, तिनं विचारलं, "बाळ कसं आहे?"

"चमच्यानं थोडं प्यायली म्हणे. बाकीचं ग्रॅनीच्या अंगावर."

कोरिन हसली. त्या दिवसात पहिल्यांदाच. ती काल रात्रीपासून त्या पडद्यांसमोर बसली होती हे ट्रेव्हाला तेव्हा कळलं, कारण हसता हसता तिला जांभई आली.

फोन ठेवल्यावर ट्रेव्हानं पाहिलं, तर दाराशी लॉइड उभा. माथ्यावरची फेरी संपवून परतताना गारांत सापडला होता, बसची काच फुटली होती. त्यानं टोपी काढली, टकलावरून हात फिरवला.

"तीन तास," तो म्हणाला. "बापानं सांगितलं होतं मला तीन तास. त्याला त्याच्या बापानं." आणि थोड्या वेळानं, "त्या बाईचा पत्ता मिळेल का? कार्यालयाचा. थोडे मासे पाठवावे म्हणतो."

रात्री सगळी शाळेतच झोपली. सकाळी नऊपर्यंत पाणी उतरलं. फरशीवरचं झाड रस्तेवाल्यांनी साखळीनं ओढून काढलं, एक माणूस काठी घेऊन फरशीवरून पुढेमागे चालला, ठोकून पाहिलं, आणि हात हलवला. ट्रेव्हानं बस पहिल्या गिअरमध्ये टाकली. मुलं एरवी ह्या जागी ओरडायची, आज चिडीचूप. पलीकडच्या काठावर ऑर्व्हल चिखलात उभा होता, खांब वाहून गेला होता तिथं नवा रोवत. त्यानं वर पाहिलं नाही, फक्त हातोडी उचलली.

मग एकेक घर. प्रत्येक दारात कुणीतरी उभं होतं. टॅकेटच्या बायकोनं बसच्या पायरीवर चढून ट्रेव्हाच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि मुलींना घेऊन उतरली.

शेवटी बस रिकामी झाली आणि तिच्या स्वतःच्या अंगणात येऊन थांबली. ग्रॅनी ओपलला कडेवर घेऊन बसच्या दाराशी आली. ओपलनं आईकडे पाहिलं. ओठ घट्ट मिटलेले, कपाळाला आठी, दोन डोळ्यांत एका रात्रीचा सगळा जाब. मग तिनं तोंड फिरवून ग्रॅनीच्या मानेत खुपसलं.

"रुसलीये," ग्रॅनी म्हणाली. "रुसू दे. तिचा हक्क आहे."

"हो," ट्रेव्हा म्हणाली, आणि तशीच दोन्ही हात पुढे करून बसच्या पायरीवर बसून राहिली. इंजिन बंद करायचंही राहून गेलं. बसचा पत्रा थरथरत होता, अंगणात वाळत घातलेले कपडे गारांनी चिखलात पाडले होते. बऱ्याच वेळानं ग्रॅनीच्या खांद्यावरून एक डोळा वर आला. मग दुसरा. मग ओपलनं एकदम सगळं अंगच पुढे झोकून दिलं, कुणी धरणार आहे की नाही ह्याचा काहीएक विचार न करता, आणि ट्रेव्हानं तिला वरच्या वर झेललं.